खरवडलेला राजा

"आणि त्या सात वर्षांत गादीवर कोण होतं, गुरुजी?"

शिमुतनं हे तिसऱ्यांदा विचारलं. अत्तापीनं तिसऱ्यांदा ऐकलं, आणि माती मळणं चालू ठेवलं.

"ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"येतंय."

"मग?"

"माती अजून मऊ झाली नाही."

ही गोष्ट एलामच्या राज्यातली. आज ज्याला इराण म्हणतात, त्याच्या नैर्ऋत्येला फार प्राचीन काळी हे राज्य होतं, आणि सुसा ही त्याची नगरी. नगराबाहेर नदीच्या काठी मातीच्या खाणी होत्या. तिथली माती मळून तळहाताएवढ्या पाट्या थापायच्या, त्या ओल्या असतानाच बोरूच्या टोकानं त्यांवर खिळ्यांसारख्या खुणा दाबायच्या आणि उन्हात वाळवायच्या. तिथलं लिहिणं ते हेच.

अत्तापी एके काळी राजवाड्याचा मुख्य लेखनिक होता. एके दिवशी बोरू खाली ठेवून उठला, तो इथे येऊन पाट्या थापायला बसला. कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. शिष्य मात्र घडवले. नगरातला प्रत्येक चांगला लेखनिक कधी ना कधी या खाणीवर चिखलात पाय घालून बसलेला होता.

शिमुत त्यांतला सगळ्यांत हुशार. ही गोष्ट गुरूला ठाऊक होती की नाही कोण जाणे, शिमुतला होती.

तिशीतच तो राजवाड्याचा मुख्य लेखनिक झाला होता. आज तो खेचरावर बसून आला होता, अंगावर झालरीचं वस्त्र होतं, आणि बसायला त्यानं कोरडा दगड शोधला होता.

"पहिल्यापासून सांगतो," तो म्हणाला. "हुंबाराश महाराजांनी नगरदेवाचं देऊळ नव्यानं बांधलंय. महिनाभरात बॅबिलोनच्या राजाचे वकील यायचेत. त्यांच्यासमोर आपली राजावळी वाचायची. पहिल्या राजापासून आजच्यापर्यंत, कुणी किती वर्षं राज्य केलं ते सगळं. मग तीच विटांवर दाबून, भाजून, भिंतीत बसवायची. काम माझ्याकडे आहे."

"बरं."

"चोवीस राजे आहेत. मी नुसती जुनी यादी उतरवून काढली नाही. देवळातल्या पाट्या काढून बसलो. कालवा फुटला ते वर्ष, टोळ आले ते वर्ष, अशी एकेका वर्षाला नावं आहेत. ती ओळीनं लावली. आणि मग राजांची वर्षं त्यांवर बसवली."

"बसली?"

"नाही. सात वर्षं उरली." शिमुतच्या आवाजात आनंद लपत नव्हता. "तेंपुकीर महाराज वारले, आणि पालाहूर महाराज गादीवर आले. यादीत दोघं एकामागे एक आहेत. पण मधे सात वर्षं आहेत, गुरुजी! इतक्या लेखनिकांनी ती यादी उतरवली, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं."

"मग काय केलंस?"

"महाराजांना सांगितलं."

"शाबासकी मिळाली?"

शिमुतनं झालरीचा काठ नीट केला.

राजा हुंबाराश दाढीवरून हात फिरवत म्हणाला होता, "भोक शोधलंस तूच, आता बुजवायचंही तूच. नाव सापडलं तर नाव घाल. नाही सापडलं तर ती सात वर्षं आमच्या आजोबांच्या वर्षांत मिळव. वकिलांना भोक दिसता कामा नये. दिसलं, तर तुझा बोरू दुसऱ्याच्या हातात जाईल."

आजोबा म्हणजे पालाहूर.

शिमुतनं हे सगळं सांगितलं. अत्तापीनं मातीत पाण्याचा हबका मारला.

"मिळव की मग. सोपं आहे."

"पण ते खरं नाही!"

"म्हणजे तुला खरं हवंय."

"मला नाव हवंय."

"ते वेगळं झालं..."

शिमुतला राग आला, पण त्यानं तो गिळला. लहानपणापासून या म्हाताऱ्यासमोर राग गिळायची त्याला सवय होती.

"नगरात सत्तरीच्या पुढची तीन माणसं उरलीत," तो म्हणाला. "तिघांकडे गेलो. एकाला माझा प्रश्न ऐकताच कमी ऐकू यायला लागलं. दुसरा उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं. तिसरी ती देवळात फुलं निवडणारी म्हातारी. ती म्हणाली, 'अत्तापीला विचार. त्याच्या हातांना माहीत आहे.'"

मळणारे हात थांबले.

नदीवर कुणीतरी बैलांना पाणी पाजत होतं, त्याची हाक तेवढी येत होती. अत्तापी आपल्या हातांकडे पाहत राहिला. कोपरापर्यंत चिखल होता.

"गादी रिकामी नव्हती," तो म्हणाला.

शिमुत दगडावरून पुढे सरकला.

"राजा होता. तेंपुकीरच्या बहिणीचा मुलगा. एलामच्या रीतीप्रमाणे हक्क त्याचाच होता. सात वर्षं त्यानं राज्य केलं. मग पालाहूरनं त्याला उठवलं."

"उठवलं?"

"आधी गादीवरून. मग जगातून. ते काम सैनिकांचं होतं, तीन दिवसांत उरकलं. नंतरचं काम लांबलं. ते माझं होतं."

"कसलं काम?"

"त्याचं नाव काढून टाकायचं. विटांवरून, दगडांवरून, उंबऱ्यांवरून, देवाच्या भांड्यांवरून. पाट्या सोप्या होत्या. त्या पाण्यात टाकल्या की विरघळतात. बाकीचं खरवडावं लागलं. माझं अक्षर सगळ्यांत नेटकं, म्हणून खरवडणंही नेटकं होईल, असं पालाहूरला वाटलं. वय माझं चोवीस होतं. चारशे सोळा ठिकाणं होती. दोन उन्हाळे लागले."

शिमुतच्या अंगावर काटा आला. पण भीतीचा नव्हे. एवढा मोठा शोध! सात वर्षांचा आख्खा राजा, आणि तो पहिल्यांदा लिहिणार कोण, तर शिमुत. त्यानं झोळीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाटी काढली. फडकं सोडलं. बोरूचं टोक तपासलं.

"सांगा."

अत्तापीनं माती पुन्हा पुढे ओढली.

"नाव सांगा, गुरुजी."

अत्तापीनं मातीचा गोळा उलटवला.

"आता कुणाची भीती? पालाहूर महाराज गेले, त्यांचा मुलगाही गेला. नातवाला यातलं काही माहीतसुद्धा नाही. त्याला फक्त भोक बुजलेलं हवंय."

"आठवत नाही," अत्तापी म्हणाला.

शिमुत हसला. मग हसायचा थांबला.

"असं कसं होईल? चारशे सोळा वेळा वाचलंत तुम्ही ते."

"पहिल्या दिवशी वाचलं. दुसऱ्या दिवशीही वाचत वाचतच खरवडलं. हात थरथरायचा. तो थरथरू नये म्हणून मी वाचणं सोडलं. नुसत्या खुणा बघायला लागलो. एवढ्या उभ्या, एवढ्या आडव्या. मग खुणाही बघेनासा झालो. जागा ठाऊक झाली होती, हात आपोआप जायचा. दुसरा उन्हाळा संपला त्या संध्याकाळी घरी चाललो होतो, आणि मनात म्हटलं, संपलं एकदाचं ते... आणि पुढे नाव येईना."

"नंतर कधी?"

"पंचेचाळीस वर्षं वाट बघतोय."

शिमुत उठून उभा राहिला. झालरीच्या काठाला चिखल लागला, तरी त्याला कळलं नाही. हुशार माणसाला एक दार बंद दिसलं की तो दुसरं शोधतो.

"एवढ्या उभ्या, एवढ्या आडव्या म्हणालात. किती?"

"पहिल्या अक्षरात तीन आडव्या असाव्यात."

"तीन आडव्या! म्हणजे 'शि' किंवा 'कु'. राजघराण्यातलं नाव. शिल्हातूर?"

अत्तापीनं डोळे मिटले. "असेल."

"कुकरीशा?"

"असेल."

"कुदूनाप?"

"तेही असेल."

"गुरुजी, सगळी कशी असतील?"

"माझ्याकडे भिंतच उरलेली नाही, लेका. कुठलाही खिळा मारलास तरी तो हवेतच लागणार."

शिमुत येरझाऱ्या घालू लागला. खेचरानं एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

मग तो येऊन बसला. या वेळी चिखलातच बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "शिल्हातूर लिहितो. राजाला शोभेल असं आहे. नाव सापडलं असं महाराजांना सांगतो. खरं नाव ज्यांना ठाऊक असेल ते तोंड उघडत नाहीत, म्हणजे हे खोटं आहे असं म्हणणाराही कुणी नाही."

"नाही."

"तुम्ही म्हणाल?"

"मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

शिमुतनं बोरू टेकवला. पहिली खूण दाबली. दुसरी दाबली. गुरू अडवेल म्हणून तो मधेच थांबत होता. गुरू अडवत नव्हता. पाटीवर 'शिल्हा' झालं.

तिथे त्याचा हात थांबला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, "कसा होता हो तो माणूस?"

अत्तापीनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"बुटका होता," तो म्हणाला. "खोकला असायचा त्याला, बारा महिने. डोंगरातला होता, इथली दमट हवा मानवली नाही. काकडी फार आवडायची. दरबार चालू असताना एका हातात काकडी असायची आणि तोंडानं न्याय चालायचा. परदेशी वकील आले की प्रधान ती काढून घ्यायचा."

शिमुतला हसू आलं.

"चांगला राजा होता?"

"ठीक होता. दोन कालवे खणले, त्यातला एक चुकीच्या उतारावर. एका माणसाला विनाकारण फटके मारवले, मग तीन रात्री झोपला नाही. माझी आई तापानं पडली तेव्हा त्यानं स्वतःच्या घरातलं लोकरीचं पांघरूण पाठवलं होतं. पांघरूण परत द्यायला गेलो, तर म्हणाला, कशाला, थंडी दर वर्षी येते."

नदीवरचे बैल गेले होते.

"त्याला लिहिता वाचता येत नव्हतं. देवळाच्या पहिल्या विटा भाजून आल्या, तेव्हा मी त्याला दाखवायला घेऊन गेलो. विटेवर ओळच्या ओळ मजकूर होता. त्यानं वीट मांडीवर घेतली. म्हणाला, 'यात मी कुठे आहे?' मी बोट ठेवून दाखवलं. त्यानं त्या जागेवर अंगठा ठेवला. जाड अंगठा होता, नखाची एक कड फाटलेली. बराच वेळ ठेवला. मग मला विचारलं, 'हाच का मी?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हो महाराज. हेच तुम्ही."

अत्तापीनं आपल्या अंगठ्यावरचा चिखल पुसला.

"दहा महिन्यांनी तीच वीट माझ्या पुढ्यात आली. हातात छिन्नी होती."

शिमुत खाली पाहत होता. पाटीवर 'शिल्हा' एवढंच होतं. पहिल्या अक्षराच्या तीन आडव्या खुणा अगदी नेटक्या होत्या. त्यानं बोट ओलं केलं आणि सगळं पुसून टाकलं. माती पुन्हा सपाट झाली.

"तुझ्या यादीत नावं किती म्हणालास?" अत्तापीनं विचारलं.

"चोवीस."

"त्यांतल्या एकाचा तरी अंगठा कसा होता, सांगता येईल?"

शिमुतला सांगता आलं नाही. तेंपुकीर, पालाहूर आणि त्यांच्या आधीचे सगळे त्याला उलटसुलट पाठ होते. कोण किती वर्षं ते झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. आता आठवायला लागला, तर ओळीनं नुसत्या खुणाच डोळ्यांसमोर येत होत्या.

ऊन कलायला लागलं.

मग शिमुत एकदम म्हणाला, "सापडलं!"

"नाव?"

"नाव नाही. मार्ग सापडला. तुम्हीच शिकवलेला."

लेखनिकांमध्ये एक जुनी रीत होती. जुन्या पाटीची नक्कल करताना एखादी जागा फुटलेली आढळली, तर तिथे अंदाजानं काही भरायचं नाही. बारीक खुणांनी एवढंच लिहायचं: इथे तुटलं आहे. वाचणारा समजून घेत असे.

"तेंपुकीर महाराजांच्या नावाखाली लिहितो, 'सात वर्षं. इथे तुटलं आहे.'" शिमुतचा चेहरा उजळला होता. "खोटंही नाही, भोकही नाही. पाटी फुटली, त्याला कोण काय करणार? बॅबिलोनच्या वकिलांकडेसुद्धा फुटक्या पाट्या ढिगानं असतील. महाराजही रागावणार नाहीत, आणि माझा बोरूही..."

तो लिहायला वाकला. तेवढ्यात चिखलानं भरलेला हात त्याच्या मनगटावर पडला. इतक्या वर्षांत गुरूनं त्याचा लिहिता हात कधी धरला नव्हता.

"तुटलं नाही," अत्तापी म्हणाला.

"म्हणजे?"

"तोडलं."

शिमुत त्याच्याकडे बघत राहिला. एका खुणेचाच फरक होता. त्यांच्या लिपीतही एकाच खुणेचा.

"तोडलं लिहिलं," तो सावकाश म्हणाला, "की ऐकणारा विचारणार, कुणी तोडलं?"

"विचारू दे. तेही लिही."

"पालाहूर महाराजांचं नाव लिहू? त्यांच्या नातवासमोर वाचू? गुरुजी, मान जाईल माझी."

"पालाहूरला छिन्नी धरता येत नव्हती."

"पण हुकूम त्यांचा होता!"

"हुकूम हवेत असतो. विटेवर हात लागला तो माझा. लेखनिकानं विटेवर काय झालं तेवढंच लिहावं." त्यानं शिमुतचं मनगट सोडलं. "माझं नाव लिही."

शिमुतनं बोरू खाली ठेवला.

"प्रत्येक विटेच्या शेवटी शाप असतो. जो हे नाव पुसेल त्याच्यावर देवाचा कोप होवो, त्याचा वंश उन्हात न चालो... राजावळीत असं लिहिलं, तर सगळं नगर तो शाप तुमच्या नावाला जोडेल. रोज. तुम्ही गेल्यावरसुद्धा."

"शाप मला पाठ आहे."

"मग?"

"तोही माझ्याच हातचा."

शिमुतनं बोरू उचलला. पाटी मांडीवर घेतली.

महिन्याभरानं देवळाच्या पटांगणात राजावळी वाचली गेली, तेव्हा तेंपुकीरच्या नावानंतर शिमुत एक श्वास थांबला, आणि मग त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: "त्यानंतर सात वर्षं त्याच्या बहिणीचा मुलगा राजा होता. त्याचं नाव लेखनिक अत्तापीनं तोडलं." बॅबिलोनच्या वकिलानं दुभाष्याला ते पुन्हा सांगायला लावलं. हुंबाराश राजाचे कान लाल झाले, पण पाहुण्यांसमोर त्यानं मान डोलावली, जणू हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. एकदा मान डोलावल्यावर मग वीट भिंतीत बसवणंही आलं. ती बसवली, पण देवाच्या मागच्या बाजूला, जिथे दिव्याचा उजेड पोचत नाही.

दुसऱ्याच दिवशी शिमुतचा बोरू दुसऱ्याच्या हातात गेला. तो नगरातल्या लेखनशाळेत मुलांना शिकवू लागला आणि तिथेच म्हातारा झाला. अत्तापीला काय शिक्षा द्यावी यावर दरबारात दोन दिवस खल झाला. शापाहून मोठी शिक्षा कुणाला सुचेना, म्हणून विषय सोडून दिला.

हे सगळं पुढचं. त्या दुपारी खाणीवर दोघंच होते, आणि शिमुत लिहीत होता. राजाची ओळ त्यानं ठसठशीत लिहिली. गुरूच्या नावापाशी आल्यावर मात्र त्याचा हात हलका झाला. मातीला बोरू जेमतेम टेकत होता.

लिहून झालं. त्यानं पाटी पुढे केली, पण मान वर केली नाही.

अत्तापीनं ती कलत्या उन्हाकडे तिरपी धरली. एकेक खूण पाहिली. शाळेतल्या मुलाची पाटी पाहावी तशी, शांतपणे, शेवटपर्यंत. मग ती शिमुतच्या मांडीवर परत ठेवली.

"खोल दाब," तो म्हणाला. "खरवडणाऱ्याला घाम फुटला पाहिजे."